भूछत्राची उपमा

गेल्या दिवाळी अंकात बृहन्महाराष्ट्रातील मराठी नियतकालिकांचा परामर्श घेताना आमच्या लेखणीतून एक वाक्य निसटले. परप्रांतांत मराठी मासिके पावसाळ्यातील कुत्र्याच्या छत्र्यांप्रमाणे उगवतात आणि तितक्याच लवकर नाहीशी होतात, असे ते वाक्य होते. लिहिताना ते आम्हांस खटकले नाही आणि छापून आल्यावरही खटकले नाही. उपमा हाताशी होती, ती उचलली आणि ठेवून दिली. महिन्याभराने एका वाचकांचे कार्ड आले. हे गृहस्थ मूळचे सावंतवाडीकडचे. वनखात्याच्या नोकरीत पश्चिम बंगालच्या जंगलमहालात त्यांची बरीच वर्षे गेली आहेत. त्यांनी लिहिले होते, की आपण कुत्र्याची छत्री पाहिली असेल, परंतु अळंबी खाल्लेली दिसत नाही. आषाढात इकडे या, मग त्या उपमेचे काय करावयाचे ते ठरवू.

दुसऱ्यांच्या उपमा तपासावयाच्या आणि आपल्या तशाच सोडावयाच्या, हा काही टीकाकाराचा धर्म नव्हे. म्हणून प्रथम ती उपमाच घेऊ. मराठीने ही छत्री कुत्र्याला दिली, बंगालीने ती बेडकाला दिली. ‘ब्यांगेर छाता’ हा तिकडचा शब्द, आणि कोलकात्याच्या वृत्तपत्रांत खाजगी शिकवण्या, बेकायदा इमारती, नवे पक्ष हे सारे बेडकाच्या छत्र्यांप्रमाणेच उगवत असते. इंग्रजीने तर या वस्तूच्या नावाचेच क्रियापद करून टाकले. आमच्या भाषेत गंमत अधिक आहे. जी भाषा राजाला छत्रपती म्हणते तीच तेवढ्याच सहजतेने छत्र कुत्र्याच्या डोक्यावर धरते आणि मग ते कोणाच्याच कामाचे नाही असे गृहीत धरते. तिन्ही भाषांतील ही उपमा तीन गोष्टी सांगू पाहते: ही वस्तू एका रात्रीत येते, तिला मूळ नसते आणि तिला किंमत नसते. तिन्ही गोष्टी खोट्या आहेत.

जे वर दिसते ते केवळ फळ होय. त्याचा देह म्हणजे जमिनीखाली पसरलेले सूक्ष्म तंतूंचे जाळे, आणि ते वर्षानुवर्षे तेथे असते. कोकणात ज्या अळंब्यांची वाट पाहिली जाते, ज्यांना गोमंतकात ‘ओलमी’ म्हणतात आणि ज्यांतील सर्वांत मानाची ‘रोयण ओलमी’, त्या वारुळातून येतात. वाळवी चावलेल्या वनस्पतींचे मऊ पोळे वारुळाच्या पोटात रचते आणि त्यावर हे कवक जोपासते. कवक ते काष्ठ पचवते, वाळवी कवकावर जगते. हा व्यवहार आफ्रिकेत सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला असे शास्त्रज्ञ मानतात. पावसाने माती भिजली, की त्या पोळ्यापासून एक लांब देठ वर चढतो आणि जमीन फोडून छत्री उघडतो. रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ साली या वंशाला ‘टर्मिटोमायसीस’ हे नाव दिले, म्हणजे वाळवीचे कवक. तीन कोटी वर्षांच्या संसाराला एका रात्रीचे म्हणणे हे उपमेचे काम नव्हे, ते न पाहिल्याचे काम आहे.

न पाहण्याचा हा दोष आमच्या पूर्वजांच्या माथी सरसकट मारता येणार नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण-कांद्याच्या पंक्तीत कवकांना बसवून द्विजांस ती वर्ज्य केली आहेत, हे प्रसिद्धच आहे. परंतु सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, अन्नपानाच्या प्रकरणात, हीच वस्तू निराळ्या नजरेने पाहिलेली आढळते. तेथे तिचे वर्ग पाडले आहेत ते उगवण्याच्या जागेवरून: पेंढ्यावरची, उसावरची, शेणावरची, बांबूतली आणि भुईतली, आणि प्रत्येकीचे गुण वेगळे सांगितले आहेत. स्मृतिकाराने एका शब्दात सारे निकालात काढले, वैद्य मात्र उकिरड्यापाशी थांबला आणि त्याने पाच जागा मोजल्या. आमच्या ललित वाङ्मयाने या बाबतीत वैद्याचा मार्ग न धरता स्मृतिकाराचा धरला, अशी आमची तक्रार आहे.

असो. आषाढात आम्ही गेलो. हावड्याहून गाडीने अडीच-तीन तासांत झाडग्राम येते. २०१७ साली स्वतंत्र जिल्हा झालेला हा प्रदेश तांबड्या मातीचा आणि सालवृक्षांचा आहे. कोकणच्या माणसाला तो पहिल्या पावसात घरचा वाटतो, असे आमचे यजमान म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे आम्हांस पटले. (याच राढ प्रदेशात अठराव्या शतकाच्या मध्यास मराठ्यांच्या स्वाऱ्या झाल्या, ‘बर्गी’ हा शब्द येथील अंगाईगीतात अजून आहे. मराठी माणसाने बाजारात आपले गाव सांगताना हे ध्यानी ठेवलेले बरे.)

तेथील आठवड्याच्या हाटात लोधा आणि संताळ स्त्रिया सालाच्या पानांवर चिखलाने माखलेल्या गोट्यांचे ढीग मांडून बसल्या होत्या. बोराएवढे, क्वचित सुपारीएवढे मातकट गोळे. छत्री नाही, देठ नाही. हे ‘कुडकुडे छातू’. पुरुलियाकडे यालाच ‘पुटका’ म्हणतात, झारखंडात ‘रुगडा’ आणि बस्तरात ‘बोडा’. म्हणजे आमच्या गडचिरोलीच्या वेशीपर्यंत हा माल नावे बदलत येऊन पोहोचतो. सालाच्या मुळांशी याचे सख्य असते. कवक झाडाला मातीतील पाणी आणि क्षार पुरवते, झाड त्याला साखर देते. पहिल्या दोन-तीन पावसांनंतर हे गोळे जमिनीच्या अगदी खाली, पालापाचोळ्याच्या आड धरतात. आतून पांढरे असेतो खावयाचे, काही दिवसांतच आत काळी भुकटी होते आणि साल चिवट बनते. बायका पहाटे निघतात, जमिनीला कोठे बारीक चीर गेली आहे ते पाहतात आणि काठीने वा खुरप्याने माती उकरतात. पहाटेच्या त्या जंगलात हत्तीही असतो, आणि दरवर्षी या भागात हत्तीच्या पायी माणसे जातात. भाव मटणाच्या भावाशी स्पर्धा करतो. महाग आहे असे आम्ही म्हणालो तेव्हा विक्रेतीने आमच्याकडे न पाहता ढिगावर पाणी शिंपडले.

आमच्या यजमानांनी वनखात्याच्या माणसाला शोभेल असा एक संदर्भ तेथेच जोडून दिला. याच मेदिनीपूर भागात आराबारी येथे १९७१-७२ च्या सुमारास अजितकुमार बॅनर्जी या वनाधिकाऱ्याने उजाड झालेले सालवन अकरा गावांच्या हवाली राखणीस दिले, आणि त्या बदल्यात लाकडाच्या उत्पन्नातील चौथा हिस्सा व जंगलातील इतर जिनसा गावकऱ्यांस देऊ केल्या. पुढे देशभर पसरलेल्या संयुक्त वनव्यवस्थापनाचा उगम येथला. सरकारी कागदांत त्या ‘इतर जिनसा’ एका ओळीत आटोपतात. सालपान, काड्या, बिया, कंद, छातू. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी अशा ओळींवर सह्या केल्या असतील. त्या एका शब्दात किती नावे दडली आहेत ते आम्ही त्या सकाळी मोजू लागलो: कुडकुडे, काडान, बाली, वाळवीचे ‘उई छातू’, पेंढ्यावरचे ‘पोयाल छातू’, दूध छातू, आणि पूजेच्या सुमारास येणारे ‘दुर्गा छातू’. जागेवरून, रंगावरून, दातांखालच्या आवाजावरून आणि सणावरून पाडलेली ही नावे. सुश्रुताची रीत ज्यांनी सुश्रुत वाचला नाही त्यांच्या तोंडी जिवंत आहे.

दुपारी यजमानांच्या घरी स्वयंपाक झाला आणि तेथे आम्हांस टीकाशास्त्राचा एक धडा फुकट मिळाला. गोळे सात-आठ पाण्यांतून काढावे लागले. तरी शेवटच्या पाण्याला तांबूसपणा होताच. मग प्रत्येक गोळा चिरून पाहावयाचा. पांढरा निघाला तर पातेल्यात, काळा निघाला तर बाहेर. अर्धा वाटा वहिनींनी घेतला. भाजलेले खोबरे, कांदा, धने, मिरी यांचे वाटण लावून त्यांनी मालवणी रस्सा केला. उरलेला अर्धा त्यांच्याकडे कामास येणाऱ्या संताळ बाईंनी घेतला. मोहरीचे तेल, थोडा कांदा, लसूण, हळद, मीठ, हिरवी मिरची, आणि बराच वेळ मंद आच. वहिनींचा रस्सा आम्ही दोनदा मागून घेतला, आणि ते रास्तही होते. परंतु बोटे चाटताना लक्षात आले, की आपण वाटण खाल्ले. अळंब्यांच्या जागी त्यात सुरण असता तरी आपली तृप्ती एवढीच झाली असती. दुसऱ्या पातेल्यात मात्र लपावयास जागाच नव्हती. वरचे कवच दातांखाली कुडकुडते, आतला गर मऊ असतो, आणि पहिल्या पावसाच्या मातीचा जो वास आपण नाकाने घेतो तोच जिभेवर येतो. वहिनींनीही घास घेतला आणि काही वेळ बोलल्या नाहीत.

आमच्या निसर्गविषयक ललित निबंधाचे हेच झाले आहे. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ने १९५६ साली मराठी वाचकाला महिन्यामहिन्याचे झाड पाहावयास शिकविले. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनखात्याच्या नोकरीत राहून आदिवासींच्या तोंडचे शब्द मराठीत आणले, आणि सरकारी नोकरी वाङ्मयाला मारतेच असे नाही, हे परस्थ अधिकाऱ्यांना दाखवून दिले. त्यांच्या मागून आलेल्या शेकडो निबंधांत मात्र वाटणच फार. पाऊस पडतो, मृद्गंध दरवळतो, मन गावी जाते, आजीचे हात आठवतात; अळंबी आली तर या रश्श्यात एक फोड म्हणून येते. कोणती अळंबी, कोठल्या वारुळाची, कोणत्या नक्षत्रात, कोणी वेचली, हे विचारू नये. गावापासून दूर राहणारे आपण लोक या दोषाचे विशेष धनी आहोत. दुरून आठवलेल्या वस्तूला गोडवा येतो, पण तिचे नाव पुसट होते. आमच्याच एका नागपूरकर सहकाऱ्यांना आम्ही विचारले, तेव्हा ‘टेकोडे’ हा शब्द आठवावयास त्यांना आईला दूरध्वनी करावा लागला. आई म्हणाल्या, टेकोडे वेगळे आणि सात्या वेगळ्या, एवढेही तुला राहिले नाही का.

कोणी म्हणेल, एका रानभाजीवर वाङ्मयाने किती भार टाकावा? त्यांनी जपानकडे पाहावे. तेथे लाल पाइनच्या मुळांशी उगवणारे ‘मात्सुताके’ नावाचे भूछत्र आहे. आमच्या कुडकुड्याचे सालाशी जे नाते, तेच त्याचे पाइनशी, आणि दोहोंचीही व्यापारी लागवड अद्याप कोणास साधलेली नाही. आठव्या शतकातील ‘मान्योशू’ या संग्रहात शरदाच्या सुगंधावर एक कविता आहे, ती मात्सुताकेविषयीच आहे असे परंपरा मानते. बाशोने हायकूत मात्सुताके आणले तेव्हा त्याला चिकटलेल्या एका अनोळखी झाडाच्या पानाकडे लक्ष दिले. आमच्या मते खरी दृष्टी ती हीच. त्यात ना मृद्गंध आहे ना आजी. ज्याने वस्तू हातात धरून पाहिली त्यालाच ते पान दिसावयाचे. स्वयंपाकातही जपानी माणूस तसाच हात आखडता घेतो: भातात शिजवणे, किटलीसारख्या भांड्यात रस काढणे, निखाऱ्यावर भाजणे, आणि वास जाऊ नये म्हणून धुण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणे.

याच भूछत्राची दुसरी कथा टीकाकारांनी भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे. नॉर्वेत सापडलेल्या एका भूछत्राला ब्लिट या शास्त्रज्ञाने १९०५ साली जे लॅटिन नाव दिले त्याचा अर्थ होतो ‘ओकारी आणणारे’. जपानी मात्सुताकेला शास्त्रीय नाव मिळाले ते त्यानंतर वीस वर्षांनी, १९२५ साली. शतकाच्या अखेरीस स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले, की दोन्ही एकच. नियमाप्रमाणे जुने नाव टिकावयास हवे होते. परंतु अपवाद करून जपानी नाव राखण्यात आले. एका देशाची ओकारी तो दुसऱ्या देशाचा शरद. रसाचे अधिष्ठान वस्तूत की रसिकात, हा वाद आमच्याकडे भरतापासून चालला आहे. त्यात हा पुरावा कोणी दाखल केल्याचे आमच्या वाचनात नाही.

तथापि जपानचेही आंधळे कौतुक नको. एवढी कविता असूनही त्यांचे मात्सुताके राहिले नाही. १९४१ साली सुमारे १२ हजार टन निघणारे हे पीक अलीकडे अनेक वर्षी १०० टनांच्याही खाली गेले आहे. पाइनला सूत्रकृमीचा रोग लागला. शिवाय गावकरी जंगलातून पाला नि जळण गोळा करीनासे झाले, तेव्हा जमिनीवर कचऱ्याचा थर चढला, आणि मात्सुताकेला तर मोकळी, हलकी जमीन लागते. आता जपान ते चीन-कोरियातून, आणि थोडे आमच्या उत्तर बंगालला लागून असलेल्या भूतानमधूनही विकत घेतो. ज्याला आपण रान म्हणतो ते माणसाच्या पावलांनी राखलेले होते. हाटातल्या बायकाही दुसऱ्या शब्दांत हेच सांगत होत्या: जेथे साल काढून निलगिरी आणि आकाशमणी लावले, तेथे त्या आता टोपली घेऊन जात नाहीत.

कोलकात्याकडे वळावयाचे तर या शहराचे या विषयातले पुण्य मोठे आहे आणि विस्मृती त्याहून मोठी आहे. कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आजच्या आर. जी. कर येथे, शिकविणारे सहायराम बोस यांनी बंगालमधील कवकांच्या अभ्यासात आयुष्य घातले. १९४० साली ‘सायन्स अँड कल्चर’मध्ये भारतातील खाद्य अळंब्यांवर त्यांचा सहलेखकासह लेख आला. पुढे १९७४ साली कलकत्ता विद्यापीठातील पुरकायस्थ आणि ऐंद्रिला चंद्र यांनी येथल्या दूध छातूचे शास्त्रीय वर्णन करून त्याला ‘कॅलोसायबी इंडिका’ हे नाव दिले. कोइमतूरच्या कृषि विद्यापीठाने त्याच्या लागवडीचे तंत्र बसविले; आज देशभर ‘मिल्की मशरूम’ म्हणून विकली जाणारी पांढरी, जाड देठाची अळंबी ती हीच. बंगालच्या गवतातून निघून तामिळनाडूत शिकून ती इंग्रजी नावाने गडियाहाटच्या बाजारात परत आली आहे, आणि तिला तेथे कोणी ओळखत नाही. आम्ही परतल्यावर त्याच बाजारात ‘छातू’ मागितले, तर दुकानदाराने हरभऱ्याचे सातूचे पीठ पुढे केले. शहरी बंगालीत छातू म्हणजे सातूच. आम्ही चूक दुरुस्त करू पाहिली, तेव्हा त्याने प्लास्टिकच्या डब्यातली गुंड्यांसारखी विलायती अळंबी दाखविली. राढातला शब्द दीडशे किलोमीटरांत अर्थ टाकून आला होता.

येथे एक गोष्ट परखडपणे सांगणे भाग आहे, कारण अशा लेखांनी मोह उत्पन्न होतो. रानातली अळंबी वेचणे हा सुटीतला छंद नव्हे. आसामात एप्रिल २०२२ मध्ये रानटी भूछत्रे खाऊन १३ माणसे दगावली. बहुतेक चहामळ्यांतील कुटुंबे. चांदीचे नाणे काळे पडते का पाहावे, लसूण घालून पाहावी, किड्यांनी खाल्लेले असेल तर निर्धास्त खावे, या आमच्या घरोघरीच्या कसोट्या साऱ्या निरर्थक आहेत. सर्वांत घातक विष शिजवल्याने जात नाही, आणि त्याची लक्षणे सहा ते चोवीस तासांनी दिसू लागतात, तोवर ते यकृताशी पोहोचलेले असते. हाटातल्या एका म्हातारीला आम्ही विचारले, की विषारी कसे ओळखता. प्रश्नच तिला चमत्कारिक वाटला. ती विषारी ओळखत नव्हती. आईने दाखविलेली सात-आठ ओळखत होती, बाकीच्यांना हात लावीत नव्हती. हे ज्ञान नावांत साठवलेले आहे, आणि नाव पुसट झाले की ते कुठल्याही कसोटीने भरून येत नाही. निबंधकाराने ‘कसलीशी रानअळंबी’ असे लिहिले तर त्याचे वाक्य गोड होईल. परंतु ‘कसलीशी’ हा शब्द या क्षेत्रात जीवघेणा आहे.

महाश्वेता देवींनी १९८० पासून ‘बर्तिका’ हे आपल्या वडिलांचे बंगाली त्रैमासिक चालविले आणि त्यात शेतकरी, मजूर, आदिवासी यांचे स्वतःचे लेखन छापले. लोधांना ज्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरविले होते तो १९५२ साली गेला, पण पोलिसांच्या आणि साहेबांच्या नजरेतून तो लवकर गेला नाही. त्या लोकांची लेखणी साहित्यपत्रिकेत आली हे लहान काम नव्हते. आमच्यासारख्या मासिकास तेवढे बळ नाही. परंतु डेहराडूनपासून दिब्रुगडपर्यंत, बस्तरपासून पोर्ट ब्लेअरपर्यंत आमचे वाचक ज्या जागी बसले आहेत तेथे दर पावसाळ्यात एखादी बाई टोपली घेऊन दाराशी येत असेल. तिने टोपलीतल्या मालाला काय म्हटले, ते कार्डावर लिहून पाठवावे. जागा, झाड आणि महिना यांसह. आठवणी नकोत. त्या आमच्याकडे पुष्कळ पडून आहेत.

राहता राहिली ती उपमा. संग्रहातील प्रतीत ते वाक्य आम्ही शाईने खोडले. त्या जागी दुसरी उपमा घालावी म्हणून बराच प्रयत्न केला, परंतु लवकर उगवणारी, मूळ नसलेली आणि निरुपयोगी अशी एकही वस्तू निसर्गात मिळेना. शेवटी, परप्रांतांत मराठी मासिके निघतात आणि वर्गणीअभावी बंद पडतात, एवढेच लिहिले. यजमानांना तसे कळविले. त्यांचे उत्तर कालच आले: पूजेच्या सुमारास दुर्गा छातू निघतील, अवश्य या, येताना कोलकात्याहून नारळ मात्र आणू नका, असे वहिनींनीच सांगितले आहे.